डीव्हीआरचं घड्याळ तेवीस मिनिटं पुढं होतं

"सीसीटीव्ही बसवायचं काम किती वर्षं करताय?" बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं.

"सतरा वर्षं साहेब."

"या दुकानातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन, तुम्हीच बसवलेला?"

"होय."

"त्याचं घड्याळ बरोबर होतं का?"

"नव्हतं. तेवीस मिनिटं पुढं होतं."

सरकारी वकील कागद चाळत होते, ते थांबले. न्यायाधीशांनी माझ्याकडं बघितलं आणि टाइप करणाऱ्या बाईंना म्हणाले, "घ्या, तेवीस मिनिटं पुढं." पुढचा प्रश्न आला, "हे पोलिसांना सांगितलं होतं?" त्याच रात्री सांगितलं होतं, मी म्हणालो. "तुमच्या जबाबात आहे का ते?" जबाबात नव्हतं.

ही साक्ष २०२२ सालची, खून २०१९ मधला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या मागं एक बोळ आहे, तिथं एका तरुण माणसाला रात्री मारलं. कुणाचंच नाव इथं लिहिणार नाही. जो गेला त्याचं नाही, ज्याला धरलं त्याचं नाही, आणि कुठल्या ठाण्याचंही नाही. मला सांगायचंय ते कॅमेऱ्याबद्दल, त्यातलं रेकॉर्डिंग नंतर कुणाकुणाच्या हातात जातं त्याबद्दल, आणि ज्या कागदांना आपण सगळे कंटाळतो त्या कागदांबद्दल.

बोळाच्या तोंडाशी कापडाचं दुकान आहे. तिथं मी चार कॅमेरे बसवले होते, त्यातला एक रस्त्याकडं बघणारा. रात्री साडेअकराला मालकांचा फोन आला, पोलिस आलेत, पासवर्ड तुला माहीत आहे, ये. मी गेलो. एका हवालदारांनी पेनड्राइव्ह दिला आणि नऊ ते अकराचं द्या म्हणाले. प्लेबॅक लावताना मी म्हणालो, साहेब, याचं घड्याळ पुढं आहे, त्या हिशोबानं बघा. डीव्हीआरच्या बोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो उतरला की लाइट गेल्यावर घड्याळ भरकटतं. आमच्याकडं लाइट किती जाते ते गावाला माहीत आहे. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असता तर वेळ आपोआप जुळली असती, पण मालकांना नेटचा खर्च नको होता. "बरं बरं," हवालदार म्हणाले. त्या रात्री त्यांच्या डोक्यावर किती ताण होता ते मी बघत होतो. बाहेर दोनशे माणसं जमलेली. तरी एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी ते अख्खा डीव्हीआर घेऊन गेले. पावती नाही. जप्तीचा पंचनामा झाला तो पाचव्या दिवशी. मधले चार दिवस ते मशीन कुठं होतं, कुणाच्या टेबलावर होतं, कुणी चालू केलं, हे आजतागायत कुठल्याच कागदावर नाही.

त्या चित्रणात एक टेम्पो दिसत होता. स्क्रीनवर वेळ १०:०४. टेम्पो चालवणारा पोरगा आणि मेलेला माणूस यांचं आधी पैशांवरून भांडण झालेलं, ते सगळ्या बाजारानं ऐकलेलं. बोळातल्या बाईंनी आरडाओरडा ऐकून पोलिसांना फोन केला तो १०:१० ला, आणि तो फोन पोलिसांच्या घड्याळाप्रमाणं नोंदलेला होता. म्हणजे खुनाच्या आसपासच टेम्पो बोळाच्या तोंडाशी. झालं, पोरगा आत.

खरी वेळ होती ९:४१.

हे मी नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर कुणी का मानावं? पण माझ्याकडं सर्व्हिसची डायरी असते. कुठल्या गिऱ्हाइकाकडं कधी गेलो, काय केलं, शेवटी गिऱ्हाइकाची सही. खुनाच्या आधी दोन महिने त्या दुकानाच्या नावापुढं लिहिलेलं होतं, "घड्याळ २३ मि. पुढं, सेल बदलणे." सेल बदलायचा राहून गेला होता. तेव्हाच बदलला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. हे मला टोचतं. वकिलांनी दुसरीही एक गोष्ट शोधून काढली, ती मला स्वतःला सुचली नव्हती. त्याच चित्रणात शेवटची एसटी जाताना दिसत होती, स्क्रीनवर ९:५८ ला. स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाच्या नोंदवहीत तीच गाडी सुटल्याची वेळ ९:३३. स्टँडपासून दुकानापर्यंत दोन मिनिटं. हिशोब तिथंच जुळला.

आणि तिसरी गोष्ट होती पोराच्या मोबाइलची. १०:०२ ला त्यानं घरी फोन केलेला, तो चौदा किलोमीटरवरच्या गावाच्या टॉवरवरून. म्हणजे ओरडा झाला तेव्हा तो कधीच निघून गेलेला. हा सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद, दोषारोपपत्राला जोडलेलाच नव्हता. पोलिसांनी तो मागवला होता की नाही, हेही सांगता येत नाही. वकिलांनी कोर्टात अर्ज करून कंपनीकडून मागवला तो अकराव्या महिन्यात. त्या काळी कंपन्यांवर कॉलच्या नोंदी एक वर्ष ठेवायचं बंधन होतं. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षं झालं. पोराच्या घरच्यांना वकील लावायला आणखी दोन महिने उशीर झाला असता तर ती नोंद हाती लागली असती का? चौदा महिने तो आत होता. जामीन मिळाला तो या कागदामुळं.

म्हणून "कॅमेरे, टॉवर, पाळत हे सगळं वाईटच" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. एका नोंदीनं त्याला आत घातलं आणि दुसऱ्या नोंदीनं बाहेर काढलं. आपण सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण २६/११ चं. सीएसटीवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून काढलेले फोटो, आणि अतिरेकी नि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातलं फोनवरचं बोलणं, जे पोलिसांनी त्याच वेळी ऐकून नोंदवून ठेवलं. हे सगळं पुराव्यात आलं, त्यावर उलटतपास झाला, आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं कसाबची शिक्षा कायम केली. अशा गुन्ह्यात पोलिसांनी फोन ऐकू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी मुलगी पुण्यात वकिलीचं शिकते. साक्ष देऊन आलो त्या रविवारी ती घरी होती. मी तिला म्हणालो, पोलिसांनी पावती न देता मशीन नेलं, चार दिवस कुठं होतं पत्ता नाही, मग तो पुरावा चालतोच कसा? ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडं चुकीच्या मार्गानं मिळवलेला पुरावासुद्धा चालतो. मुंबईचाच खटला आहे, मलकानी." आणि तिनं तो सांगितला. मलकानी हे मुंबईचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी. ऑपरेशननंतर दगावलेल्या एका रुग्णाच्या प्रकरणात ते एका डॉक्टरकडून लाच मागत होते. लाचलुचपत खात्यानं दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरी, त्यांच्या संमतीनं, फोनला टेपरेकॉर्डर जोडून बोलणं टिपलं. सप्टेंबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती टेप ग्राह्य धरली, आणि सोबत असं म्हटलं की फोनवरच्या बोलण्याला संरक्षण आहे ते निरपराध नागरिकाला, गुन्हेगाराला नव्हे.

लाचखोर सुटला नाही हे चांगलंच झालं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. निरपराध कोण आणि गुन्हेगार कोण, हे ठरायचं असतं खटल्याच्या शेवटी. फोन ऐकतात, मशीन उचलतात, ते सुरुवातीला. आमचा टेम्पोवाला पोरगा चौदा महिने कुठल्या रकान्यात होता? त्याला संरक्षण द्यायचं की नाही, हे बघण्यासाठी आधी निकालाची वाट बघायची का?

मुलगी म्हणाली, कायदा पुढं सरकलाय. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं फोन टॅपिंगला नियम घालून दिले: हुकूम गृहसचिवांच्या पातळीवरचा हवा, तो लेखी हवा, समितीनं तपासायला हवा. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे आमच्या गावातला खून झाला त्याच वर्षी, मुंबई उच्च न्यायालयानं विनीत कुमार खटल्यात लाचखोरीच्या प्रकरणातले फोन टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले आणि टिपलेलं बोलणं नष्ट करायला सांगितलं. त्या प्रकरणात जनतेच्या सुरक्षिततेला धोका वगैरे काही दिसत नाही, नियम पाळलेले नाहीत, आणि हेतू चांगला होता म्हणून मार्ग कसाही चालेल असं म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. हे मला फार पटलं. लाच घेणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाहीये. पण नियम मोडूनही पुरावा चालतो म्हटलं की नियम पाळायचे कशाला, असं माझ्यासारख्या बारावी झालेल्या माणसालाही समजतं.

आता खाजगीपणाची दुसरी गोष्ट, जी या खटल्यात कुठंच आली नाही.

डीव्हीआरमध्ये नुसती खुनाची रात्र नव्हती. आधीचे पंधरा-वीस दिवसही होते. रस्त्यानं गेलेला-आलेला प्रत्येक माणूस त्यात होता. पंचनामा व्हायच्या आधीच्या त्या चार दिवसांत, की नंतर, मला माहीत नाही, पण बावीस सेकंदांची एक क्लिप गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागली. त्यात एक मुलगी, कॉलेजातली, दुकानाच्या पायरीशी एका मुलाशी बोलत उभी आहे. एवढंच. खुनाशी काडीचा संबंध नाही, तारीखही आठवडाभर आधीची. क्लिप माझ्या मोबाइलवर आली तेव्हा कोपऱ्यातला कॅमेऱ्याचा नंबर आणि अक्षरांचा आकार बघून मी ओळखलं, हे आपण बसवलेल्या मशीनमधलं आहे. पोटात गोळा आला. दुकानाच्या मालकांना विचारलं, ते म्हणाले मशीनच माझ्याकडं नाही. ठाण्यात जाऊन विचारलं, तिथून उत्तर आलं, "तुमच्याकडूनच गेलं असेल." कुणी पाठवलं ते कधीच कळलं नाही. मुलीचं कॉलेज बंद झालं. तिला मावशीकडं पाठवलं, आणि पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. तिची तक्रार नाही, खटला नाही, तिच्यासाठी कुठं तारीख पडली नाही.

तो कॅमेरा कुठल्या कोनात लावायचा हे मी ठरवलं होतं. मालक म्हणाले होते, पायरीपासून समोरच्या पानपट्टीपर्यंत सगळं यायला पाहिजे. मी लावून दिलं. आता नाही लावत. दुकानाचं दार, गल्ला, शटर दाखवतो. समोरच्याच्या खिडकीत कॅमेरा बघत असेल तर त्या भागावर सेटिंगमध्ये काळा चौकोन टाकतो, तशी सोय बहुतेक सगळ्या मशीनमध्ये असते. काही गिऱ्हाइकं त्यामुळं दुसऱ्याकडं जातात. जाऊ देत.

प्रमाणपत्राचंही सांगायला हवं, कारण त्यावर माझी सही होती. तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं ६५ ब, मशीनमधल्या रेकॉर्डिंगची नक्कल कोर्टात द्यायची तर सोबत लागायचं ते. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी मला बोलावून छापील कागद दिला. मशीन रोजच्या वापरातलं होतं, व्यवस्थित चालू होतं, त्यातून ही नक्कल काढली, खाली सही करा. "व्यवस्थित चालू होतं" या शब्दांवर माझं बोट थांबलं. मी म्हणालो, घड्याळाचं लिहू का? "फॉरमॅट ठरलेला आहे, त्यात काही घालायचं नाही." मी सही केली. वकिलांनी पिंजऱ्यात तोच कागद माझ्या हातात दिला आणि ते शब्द मोठ्यानं वाचायला लावले. मी वाचले. तेवढं कठीण वाचन मी आयुष्यात केलेलं नाही.

याच प्रमाणपत्रावरचा मोठा निकाल जालन्याचा आहे, आणि गंमत वाटेल, पण त्यातही मूळ भांडण घड्याळाचंच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनात कॅमेरे होते. चित्रण होतं, सीडी होत्या, पण पुन्हा पुन्हा मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून दिल्लीला गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायाधीशांनी सांगितलं: मूळ मशीनच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. मात्र एखाद्यानं मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि समोरचा देतच नसेल, तर त्याच्यावर अन्याय होता कामा नये. त्याच निकालात मोबाइल कंपन्यांनाही सांगितलंय की तपासात ज्या काळातल्या नोंदी जप्त होतात, त्या काळाच्या नोंदी वेगळ्या काढून जपून ठेवा, म्हणजे बचाव पक्षालाही त्या मागता येतील. ही ओळ वाचली तेव्हा मला अकरावा महिना आठवला.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. मशीनची बनावट, मॉडेल, सिरीयल नंबर लिहायचा आणि फाइलची हॅश व्हॅल्यू द्यायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. चित्रणातला एक ठिपका बदलला तरी अख्खा आकडा बदलतो, त्यामुळं मधे कुणी हात लावला तर कळतं. फार चांगली गोष्ट झाली, मी पोलिसांना स्वतःहून काढून देतो. पण हॅश काढल्यावर चुकलेली वेळसुद्धा जशीच्या तशी जपली जाते. मशीनचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढं-मागं, असा रकाना त्या नमुन्यात अजूनही नाही. "इतर माहिती" असते तिथं मी ते लिहितो. मोबाइलमधली वेळ आणि स्क्रीनवरची वेळ एकाच फोटोत घेतो, तो प्रिंट करून जोडतो. दोन मिनिटांचं काम. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं हे करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. फरक आहे तेवढा लिहा, घड्याळ तेव्हा दुरुस्त करू नका. दुरुस्त केलं की फरक किती होता ते सिद्ध करणं आणखी अवघड होतं.

पोरगा निर्दोष सुटला. आता दुसऱ्या गावात राहतो, टेम्पोच चालवतो. मध्यंतरी एका धाब्यावर भेटला, चहा पाजला. बोलता बोलता त्यानं मोबाइल दाखवला. दिवसातून दहा-बारा वेळा तो स्वतःचा फोटो काढतो. पेट्रोल पंपावर, वजनकाट्यावर, धाब्यावर, मागं पाटी दिसेल असा. लोकेशन कायम चालू. डिझेलच्या पावत्या पिशवीत तारखेप्रमाणं लावलेल्या. "काका, परत कधी विचारलं तर?" तो म्हणाला. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात सांगितलं की जामीन देताना गूगल मॅपवर आपली जागा पोलिसांना दाखवत राहा अशी अट घालता येणार नाही, जामिनावरच्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवणं हे त्याला कोंडून ठेवल्यासारखंच आहे. मला त्या पोराला हे सांगावंसं वाटलं. पण त्याच्यावर कुणी अट घातलेलीच नव्हती. त्याच्या पिशवीतल्या पावत्या बघून मी गप्प बसलो.

निकालाच्या दिवशी मेलेल्या माणसाची आई कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसली होती. मी बाजूनं जात होतो, तर तिनं हाक मारली. मला वाटलं, माझ्या साक्षीमुळं तो सुटला म्हणून बोलेल. ती शिवी देईल याचीही तयारी होती माझी. ती म्हणाली, "दादा, हा नव्हता तर मग कोण होता? तुमच्या कॅमेऱ्यात दुसरं कोणच नव्हतं का हो?"

रस्त्याकडच्या त्या कॅमेऱ्यात नव्हतं. पण बोळाला दुसरं तोंड आहे, तिथं पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीलाही मीच कॅमेरा बसवला होता. टेम्पोवाला सापडला म्हटल्यावर तिकडचं कुणी मागितलं नाही, आणि आपल्याला कुणी विचारलेलं नाही म्हणून मीही काढून ठेवलं नाही. गिरणीच्या हार्ड डिस्कमध्ये अठरा दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं, त्याच्या पुढं जुन्यावर नवं चढत जातं. तिथं चौकशी झाली ती सव्विसाव्या दिवशी.